मोठ्या अक्षराचा पहारा

तलवाड्याच्या बद्रीनाथआबांना इंग्रजी अक्षरं सव्वीसच्या सव्वीस येत होती; पण मोठी तेवढीच. बारकी अक्षरं ते कधी शिकले नाहीत आणि त्यावाचून त्यांचं काही अडलंही नाही. ट्रॅक्टरच्या नंबरप्लेटवर मोठी, बियाण्याच्या पिशवीवर मोठी, साखर कारखान्याच्या गेटावर मोठी. सहीसुद्धा ते मोठ्याच अक्षरांत करत. एकेक अक्षर सुटं सुटं, बांधावर खांब रोवावेत तसं. पंधरा वर्षं ते सरपंच होते आणि त्या खांबांच्या सहीनं गावात पाण्याची टाकी आली, शाळेला दोन खोल्या वाढल्या, मारुतीच्या देवळापुढं पत्र्याचा मंडप झाला.

मागच्या निवडणुकीत जागा बाईसाठी राखीव निघाली. आबांनीच मग भिवराबाईचं नाव पुढं केलं. भिवराबाई म्हणजे वीस हंगाम ऊस तोडलेली बाई. मोळी डोक्यावर असताना वाकडा शब्द बोलली नाही, तर खुर्चीवर बसून काय बोलणार, असा आबांचा हिशेब. ती निवडून आली, पण गावाची जीभ काही वळली नाही. पारावरून आबा गेले की माणसं अजून म्हणत, ‘‘रामराम सरपंच.’’ एवढंच काय, खुद्द भिवराबाई ग्रामपंचायतीत कागद पुढं आला की माणूस पाठवून विचारायची, ‘‘सरपंचाला म्हणावं, सही कुठं करायची?’’ त्यामुळं खुर्ची गेली तरी नाव अंगावर होतं, आणि आबांना ते सदऱ्यासारखं सवयीचं झालं होतं.

तलवाड्याचा सप्ता चैत्रात बसतो. इतर गावं तिथी बघतात. तलवाडा कोयता बघतो. कारखान्यांचे पट्टे पडले, गाळप थांबलं, ऊसतोडीला गेलेली बिऱ्हाडं ट्रकातून गावात उतरली, घराघरांची कुलपं निघाली की मग मारुतीच्या देवळात वीणा उभी राहते. गावातली निम्मी माणसं परगावी असताना देवाचं नाव घ्यायचं तर ते अर्ध्याच तोंडानं घेतल्यासारखं होतं, असं जुनी माणसं म्हणायची.

यंदाच्या सप्त्याला आबांचे व्याही येणार होते. आबांचा मुलगा सोमेश्वर हैदराबादेत कंपनीत होता. त्यानं तिथंच कोईमतूरकडची मुलगी केली, प्रियदर्शनी. पोरगी गुणाची, सासूच्या हाताखाली भाकरी थापायला शिकलेली. पण तिचे वडील रामनाथन यांना मराठीचं एक अक्षर येत नव्हतं. लग्नात आबांनी एका हातानं त्यांचा हात धरत, दुसरा आपल्या छातीवर ठेवून एकच शब्द तीनदा सांगितला होता, ‘‘सरपंच. सरपंच.’’ रामनाथनांनी तो नीट ध्यानात ठेवला होता. आता ते पाचव्या दिवशी येणार, तर त्यांच्यासाठी सप्त्याची पत्रिका इंग्रजीत हवी, असा आबांनी हट्ट धरला. सप्त्याच्या मंडळींना आधी हसू आलं. मग वाटलं, देवाला काय, तो कुठल्याही भाषेत येतो.

पत्रिका लिहायचं काम गेलं मनिषाकडं. मनिषा भिवराबाईची लेक, गावच्या शाळेत इंग्रजी शिकवायची. ती पाचवीत असताना माय-बाप कोयता घेऊन निघाले, तेव्हा आबांनीच तिला मुलींच्या वसतिगृहात नेऊन बसवलं होतं. पुढं ती बीडला शिकली, परत आली, आणि आबांना आबाच म्हणत राहिली.

आता मराठी पत्रिका कशी असते, हे तुम्हा-आम्हाला ठाऊक आहे. सगळी अक्षरं एका रेषेला लटकलेली, पंगतीला बसल्यागत खांद्याला खांदा लावून. शिवाय नावाआधी ‘मा.’ लावलं की माजी आणि माननीय दोघंही त्या एका टिंबामागं सुखानं नांदतात. इंग्रजीत ती सोय नाही. तिथं कुणाला मोठं अक्षर द्यायचं, कुणाला बारकं, हे आधी ठरवावं लागतं.

गेवराईच्या छापखान्यातून गठ्ठा आला तेव्हा आबा देवळाच्या ओट्यावर बसले होते. त्यांनी वरचा कागद उचलला, चष्मा पुसला आणि जत्रेत आपलं माणूस शोधावं तसं कागदावरच्या मोठ्या अक्षरांवर बोट फिरवायला लागले. बारक्या अक्षरांच्या गर्दीतून एकेक ओळखीचं डोकं वर येत होतं. टी दिसला, म्हणजे तलवाडा. एम दिसला, म्हणजे मारुती. आणि तिसऱ्या ओळीत एस दिसला, ऐटीत उभा, आणि त्याच्या शेजारी बी.

‘‘एस. सरपंच,’’ आबा म्हणाले, ‘‘आन बी. बद्रीनाथ.’’

मग काय विचारता. तो कागद त्यांनी सदऱ्याच्या खिशात ठेवला आणि दोन दिवस जो भेटेल त्याला काढून दाखवला. किराणा दुकानात दाखवला, बस थांब्यावर दाखवला, न्हाव्याला अर्धी दाढी झालेली असताना दाखवला. मोबाइलवर फोटो काढून घेऊन व्याह्यांना पाठवला. मनिषा देवळात गेली तेव्हा आबा तोच कागद आश्रुबाला दाखवत होते. आश्रुबा हा आबांचा लंगोटीयार आणि सप्त्यातल्या पहाऱ्यांचा कारभारी. आबांचं बोट त्या एसवरून शेजारच्या बीवर सरकताना मनिषानं बघितलं. तो बी बद्रीनाथांचा नव्हता, भिवराबाईचा होता. सांगावं म्हणून ती दोन पावलं पुढं झाली. पण आबांच्या तोंडावर इतकं चांदणं पडलेलं होतं की ती तशीच मागं फिरली. देवच कधीतरी सांगेल, असं म्हणून तिनं ते देवावर ढकललं.

देवानं ते सोमेश्वरावर ढकललं. पाचव्या दिवशी सकाळी त्याचा गाडीतून फोन आला. दोनपर्यंत पोचतो, म्हणाला. मग जरा चाचरत म्हणाला, ‘‘आबा, सासरे विचारतात, तुमचं दुसरं नाव भिवराबाई आहे का?’’

आबांना काही उमगेना. सोमेश्वरानं मग हळूहळू सांगितलं. तिसऱ्या ओळीत आहे ते सरपंच भिवराबाई यांच्या हस्ते वीणापूजन. आबांचं नाव खाली, सातव्या ओळीत, बद्रीनाथ, गावचे माजी सरपंच. आणि तिथला सरपंच बारक्या अक्षरातला.

आबांनी फोन ठेवला. खिशातला कागद काढला. सातव्या ओळीत बी होता खरा. पण त्याच्यापुढं सगळी बारकी अक्षरं, उन्हात वाळत घातलेल्या तिळासारखी. त्यातला सरपंच कुठला, हे त्यांना ओळखूसुद्धा येईना.

ते तडक देवळामागं गेले. तिथं पंगतीचा स्वयंपाक चालला होता आणि बायकांच्या घोळक्यात मनिषा कोथिंबीर निवडत बसली होती. आबांना बघून ती उठली. त्यांनी कागद पुढं धरला, सातव्या ओळीवर बोट ठेवलं, आणि एवढंच विचारलं, ‘‘मला बारकं कावून केलं?’’

मनिषानं पदराला हात पुसले आणि त्यांना बाजूला नेऊन समजावलं. इंग्रजीची रीत तशी आहे, म्हणाली. पद नावाच्या आधी लागलं, नावाला चिकटून चाललं, की त्याला मोठं अक्षर. नुसतं गावचा सरपंच म्हटलं, किंवा नावानंतर सांगितलं, की बारकं. मग तो कुणीही असो, तालुक्याचा असो की दिल्लीचा. नुसतं गाव बारकं, तलवाडा मोठं. नुसतं देऊळ बारकं, पण मारुती मोठा, कारण ते नाव आहे.

तेवढ्यात आश्रुबा पाणी प्यायला तिकडं आला होता. तो म्हणाला, ‘‘आन पोरी, मी? मी म्हनायचं आसलं तर?’’

‘‘इंग्रजीत ‘मी’ कुठंबी आला तरी मोठाच, बाबा.’’

‘‘बघ बे बद्री,’’ आश्रुबा म्हणाला, ‘‘आपले बुवा सात दिवस कीर्तनात घसा कोरडा करत्यात, ‘मी’ बारका करा, ‘मी’ बारका करा. आन सायबाच्या भाषेत त्यो ताठच उभा.’’

बायका हसल्या. एरवी आबाही हसले असते. आज त्यांना ते हसू आपल्यावरच आल्यासारखं वाटलं. त्यांनी मनिषाला सांगितलं की आत्ताच्या आत्ता गेवराईला जा, दुसरे कागद छापून आण, आमच्या नावाआधी मोठ्या अक्षरातला सरपंच लाव, फक्त व्याह्यांपुरते चार कागद कर, गावाला काय कळतंय.

मनिषानं तो कागद त्यांच्या हातून घेतला, नीट घडी घातली आणि परत दिला. मग म्हणाली, ‘‘तुमी म्हनाल तर जाते, आबा. पन ते खोटं व्हईल. लगनासाठी माझ्या दाखल्यावर बापानं वय वाढवून मागितलं व्हतं, तवा तुमीच म्हनलं व्हतं, आपल्या सहीच्या कागदावर खोटं येऊ द्यायचं न्हाई.’’

ते खरं होतं, म्हणूनच झोंबलं. आणि झोंबलेला माणूस बोलू नये ते बोलतो. आबा म्हणाले, ‘‘मायचं मोठं केलंस आन आमचं बारकं. तुला शाळंत बसिवली त्याचं पांग फेडलंस.’’

मनिषाचे डोळे भरून आले. ती परत जाऊन कोथिंबिरीपाशी बसली. आबा वळले आणि जाता जाता आश्रुबाला सांगून गेले की दोनच्या पहाऱ्याला मला धरू नको.

इथं पहाऱ्याची गोष्ट सांगायला हवी. सप्त्यात सात दिवस नामाचा खंड पडू द्यायचा नाही आणि वीणा जमिनीला लागू द्यायची नाही. दर दोन तासांनी माणूस बदलतो. एकाच्या गळ्यातून वीणा निघते ती दुसऱ्याच्याच गळ्यात पडते. ज्याच्या गळ्यात वीणा, त्याच्या पाया सगळ्यांनी पडायचं. मग तो कालचा गुराखी असो. सासऱ्यानं सुनेच्या आणि मास्तरानं पोराच्या. आणि पुढचा माणूस आला नाही, तर हातातली वीणा ठेवून घरी जाता येत नाही. उभं राहायचं.

दुपारी दोन ते चार हा तलवाड्यातला सगळ्यांत जड पहारा. चैत्राचं ऊन, तापलेला पत्रा, जेवणानंतरची गुंगी. बावीस वर्षं तो पहारा बद्रीनाथआबांचा होता. सरपंच होण्याआधीपासून. आणि त्याच्या आधीचा, बारा ते दोन, यंदा भिवराबाईनं मागून घेतला होता.

आबा घरी येऊन बाजेवर आडवे झाले. त्यांच्या पत्नी वनमालाबाई व्याह्यांसाठी पुरण वाटत होत्या. त्यांनी नवऱ्याच्या तोंडाकडं बघितलं आणि काही विचारलं नाही. चाळीस वर्षांच्या संसारात कधी विचारायचं आणि कधी पुरण वाटायचं, हे त्यांना कळत होतं.

देवळावरचा कर्णा घरात स्वच्छ ऐकू यायचा. सप्त्यात गावाला घड्याळ लागत नाही. कर्ण्यातला आवाज बदलला की पहारा बदलला. आत्ता भिवराबाईचा आवाज येत होता. रामकृष्णहरी, रामकृष्णहरी. जाड, सपाट, उसाच्या फडात लांबच्या माणसाला हाळी घालायला घडलेला आवाज. त्याच्यात गोडी नव्हती, पण खोटंही काही नव्हतं.

दोन वाजले. आवाज बदलला नाही.

कुणी तरी उभं राहील, आबांनी स्वतःशी म्हटलं. आश्रुबा हाय, चारच्या पहाऱ्याचा अंगद हाय, पोरं हायत. त्यांनी कूस बदलली. सव्वादोन झाले. तोच आवाज. आता त्याला मधूनच चीर पडायला लागली होती. नामाच्या शेवटी श्वास पुरत नव्हता, तरी पुढचं नाम वेळेवर येत होतं. आबांना त्या बाईचे गुडघे आठवले. वीस हंगाम मोळ्या वाहून ते कामातून गेले होते. ग्रामपंचायतीच्या तीन पायऱ्या ती कठड्याला धरून चढायची.

अडीच वाजले. वनमालाबाई पाट्यावरून उठल्या, हात धुतले, देवळातून आलेल्या पोराचं दारात ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘‘अवो, भिवरा अजून हुबीच हाय. मनी गेलती ईणा घ्यायला, तर दिली न्हाई म्हनं. म्हनली, ह्या पहाऱ्याला मालक हाय.’’

आबा बाजेवर उठून बसले. मग खुंटीवरची टोपी घेतली. पायात वहाण घालायची राहून गेली ते त्यांना डांबरी रस्त्यावर आल्यावर कळलं. तळवे भाजत होते, पण मागं फिरायला आता तोंड नव्हतं. साठीपुढचा माणूस भर उन्हात अनवाणी, टोपी हातात धरून पळतोय, हे बघायला गावात कुणी जागं नव्हतं, ही देवाचीच कृपा.

ते मंडपात शिरले आणि मागोमाग सोमेश्वराची गाडी येऊन थांबली. प्रियदर्शनी उतरली, तिची आई उतरली, आणि लुंगीसारखी पांढरी वेष्टी नेसलेले रामनाथन उतरले. त्यांच्या हातात, फोटोवरून छापून घेतलेल्या त्या इंग्रजी पत्रिकेची घडी होती. आबांना बघून त्यांचं तोंड फुललं. हात जोडून ते लगबगीनं पुढं आले आणि लग्नापासून जपून ठेवलेला शब्द त्यांनी मोठ्या प्रेमानं उच्चारला, ‘‘सरपंच!’’

मंडपात दहा-पंधरा माणसं होती. आश्रुबा खांबाला टेकून बघत होता. मनिषा पाण्याचा तांब्या घेऊन आईच्या बाजूला उभी होती. भिवराबाई मधोमध, वीणा गळ्यात, डोळे मिटलेले, एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर टाकत. नाम चालूच होतं. आबांनी एकदा व्याह्यांच्या जोडलेल्या हातांकडं बघितलं. मान डोलवली असती तरी भागलं असतं. कुणी काही बोललं नसतं.

आबांनी ते जोडलेले हात आपल्या दोन्ही हातांत धरले आणि अलगद भिवराबाईकडं वळवले.

‘‘व्याही, सरपंच ह्या हायत,’’ ते म्हणाले. ‘‘मी निस्ता उशिरा आलेला पहारेकरी. सोमेश्वरा, सांग त्यास्नी, नीट सांग.’’

सोमेश्वरानं सांगितलं. रामनाथन ऐकत होते तोवर आबा पुढं झाले आणि वाकून भिवराबाईच्या पायांवर डोकं ठेवलं. पहारा घेणाऱ्यानं देणाऱ्याच्या पाया पडायचं, ही रीत. बावीस वर्षं ते ती पाळत आले होते, पण कुणाच्या पायांवर डोकं ठेवतोय याकडं त्यांचं कधी लक्ष गेलं नव्हतं. आज गेलं. टाचांना भेगा होत्या आणि दोन्ही पाय थरथरत होते.

भिवराबाईनं डोळे उघडले. नामाचा धागा आश्रुबानं उचलला, तेवढ्या वेळात ती वीणा काढता काढता म्हणाली, ‘‘आलात सरपंच. मी म्हनलं, येत्याल.’’

‘‘आता तरी मला सरपंच म्हनू नगंस, भिवरा.’’

‘‘जिभंला वळण पडलंय, काय करू,’’ ती म्हणाली आणि वीणा त्यांच्या गळ्यात घातली. मग गुडघ्यावर हात ठेवून, कण्हत, तीही वाकली आणि आबांच्या पाया पडली. तिच्यामागून आश्रुबा पडला, मनिषा पडली, सोमेश्वर आणि सून पडली. रामनाथनांनी हे सगळं नीट बघून घेतलं. त्यांनी आधी भिवराबाईला हात जोडले, आणि मग मंडपाच्या मातीत साष्टांग लोटांगण घालून वीणा घेतलेल्या आपल्या व्याह्यांच्या पायांना हात लावला. त्यांना यातलं काय कळलं ते त्यांनाच ठाऊक. पण उठले तेव्हा ते हसत होते, आणि त्यांनी पत्रिकेची घडी खिशात ठेवून दिली.

आबा नाम घेत उभे राहिले. पत्रा तापला होता, तळव्यांना फोड यायला लागले होते. येणारा जाणारा पाया पडत होता. आबांना आज पहिल्यांदा समजत होतं की हे पडणं आपल्याला नाही. गळ्यात जे अडकवलंय त्याला आहे. हे काही त्यांना नवं नव्हतं. हेच बुवांनी दर साली कीर्तनात सांगितलेलं, आणि आबांनी दर साली मान डोलवून ऐकलेलं. पण ऐकणं कानाचं असतं, उमगणं तळपायाचं.

चार वाजता अंगद आला. नीट अंघोळ करून, कपाळी बुक्का लावून. आबांनी वीणा त्याच्या गळ्यात घातली आणि त्या पंचविशीच्या पोराच्या पाया पडले. मग ते खांबाशी जाऊन पाय पसरून बसले. गळा हलका झाला होता. येणारी माणसं आता अंगदपाशी थांबत होती आणि आबांच्या पसरलेल्या पायांना ओलांडून जात होती. एकीनं तर ‘‘जरा पाय घ्या वो’’ म्हटलं. आबांनी पाय घेतले.

मनिषा तांब्या घेऊन आली. ते पाणी प्यायले. सकाळचं बोलणं दोघांच्याही मध्ये होतं, आणि दोघंही त्याच्याकडं बघत नव्हती. शेवटी आबांनी खिशातला तो मळका कागद काढला, चष्मा लावला आणि सातव्या ओळीवर बोट ठेवलं.

‘‘सकाळी बोललो ते देवापुढं मागं घेतो, मने,’’ ते म्हणाले. ‘‘ह्यातला सरपंच कंचा, तेवढं दाव.’’

मनिषा त्यांच्या शेजारी खाली बसली. तिनं त्यांचं बोट धरलं आणि अर्धं बोट पुढं सरकवलं.

‘‘ह्यो,’’ ती म्हणाली. ‘‘ह्याचा एस तसाच हाय, आबा. निस्ता बसलेला हाय.’’

आबांनी त्या बसलेल्या एसवरून एकदा बोट फिरवलं. मग त्यांनी खिशातून पेन काढलं आणि पत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर, वीणेच्या आवाजाच्या तालात मान हलवत, आपलं पहिलं बारकं अक्षर, तोच एस, गिरवायला घेतलं. ते जरा मोठंच झालं. मनिषानं कागद हलू नये म्हणून त्याचा कोपरा धरून ठेवला.